दोन पट्ट्यांमधला सूर

१

सकाळी उठल्यावर बेल्कीस आधी चहा ठेवायची, मग पियानो उघडायची. वरच्या किटलीत चहा मुरेपर्यंत बोटं मोकळी करायची. खालून सिमितवाल्याची आरोळी आली की दोरीला बांधलेली टोपली तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडायची, तीळ लावलेलं ते गरम कडं खायची, हात पुसायची आणि वडिलांची रचना एकदा, न थांबता, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची. लग्नाआधी हेच, लग्नानंतर हेच, नवरा गेल्यावरही हेच. अंकाराच्या जेबेजी भागात, चढावरच्या त्या इमारतीत खाली राहणारे निवृत्त जज्जसाहेब म्हणायचे, "तुमचे शेवटचे ठोके पडले की मी बूट घालतो."

रचनेचं नाव 'दोन्दू'. दोन्दू म्हणजे परतला. परतली, परतलं हेही दोन्दूच. तुर्की क्रियापदाला बाई-पुरुष कळत नाही. पण या गाण्यात परतणारा मुलगाच होता, याबद्दल आजवर कुणी शंका घेतली नव्हती. कोरियाच्या लढाईवर गेलेला आणि तिकडच्याच मातीत पडलेला मुलगा, आणि योज्गातच्या पलीकडे, माळावरच्या एका गावात त्याच्यासाठी आक्रोश करणारी आई. बेल्कीसच्या वडिलांनी, वेहबी ओरकुन यांनी, तो आक्रोश खेड्यातून उचलला आणि पियानोवर बसवला. डावा हात साझ या तंतुवाद्याच्या मोकळ्या तारांसारखा एकाच सुरावर घुमत राहतो. उजवा हात वरून आरोळी मारून घरंगळत खाली येतो. मध्ये नऊ मात्रांचा लंगडता नाच आहे, आणि शेवटी 'दोन्दू' या शब्दाचे दोन सूर. ते पडले की आनंदाच्या भरदार कॉर्डांची, एकत्र दाबलेल्या सुरांच्या ठोक्यांची, सरबत्ती सुरू होते, कारण मुलगा परतला. युरोपातले लोक या शेवटाला उभं राहून टाळ्या वाजवत. खेड्यातल्या बाईला विचारायला कुणी गेलं नव्हतं.

त्या आरोळीत एक सूर आहे, जो पियानोवर नाहीच. कोमल निषाद आणि शुद्ध निषाद यांच्या मधोमध त्या बाईचा गळा जाऊन थांबायचा. साझवर त्याला पडदा आहे. पियानोवर त्या जागी दोन पट्ट्यांमधली फट आहे. वेहबींनी तोडगा काढला होता: दोन्ही पट्ट्या दाबायच्या, एक जरा आधी, एक जरा मागून, आणि मधलं काय ते ऐकणाऱ्याच्या कानानं समजून घ्यायचं. या तोडग्यावर विद्वानांनी पुस्तकं लिहिली.

येत्या रविवारी संगीतशाळेच्या सभागृहाला वेहबी ओरकुन यांचं नाव द्यायचं होतं. बेल्कीसनं 'दोन्दू' वाजवायचं आणि मग संगमरवरी पाटीवरचा पडदा बाजूला सारायचा, एवढाच कार्यक्रम होता. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवीन मुलं त्यांना विसरत चालली होती, आणि तिच्यानंतर त्यांचं नाव घेणारं घरात कुणी नव्हतं. ही पाटी तिला हवी होती. मनापासून हवी होती.

त्या सकाळी तिनं शेवटचे ठोके दिले, पाय पेडलवरून काढला. सगळ्या तारा गप्प झाल्या.

एक झाली नाही.

बारीक, स्थिर आवाज होता तो. तिनं आधी कोमल निषादाची पट्टी दाबून पाहिली, तो नव्हता. शुद्ध निषाद दाबला, तोही नव्हता. सूर त्या दोन्हींच्या मध्ये उभा होता, जिथे पियानोला काही म्हणजे काही नाही. मग कुणीतरी श्वास सोडावा तसा तो विरला. खालच्या मजल्यावर जज्जसाहेब दार ओढून बाहेर पडल्याचा आवाज आला.

२

बेल्कीस भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. आवाजाला कारण असतं, आणि कारण सापडतं, अशी तिची धारणा होती. तिनं कपाटातले काचेचे पेले काढून स्वयंपाकघरात नेले, कारण पेले सुरात सूर मिसळतात. भिंतीलगतच्या गरम पाण्याच्या पाइपचा कॉक बंद केला, कारण पाइप गातात. खिडकीला कागदाच्या घड्या लावल्या. दुसऱ्या सकाळी थंडीत कुडकुडत, शाल पांघरून तिनं पुन्हा सगळं वाजवलं. पाय उचलला. सूर तिथेच होता, आणि काल होता त्यापेक्षा जरा जास्त वेळ थांबला.

तिनं आर्तिन उस्ताला बोलावलं. तो पियानो जुळवणारा. त्याच्या बापानं तिच्या बापाचा पियानो जुळवला होता.

"काय म्हणतोय म्हातारा?" त्यानं पियानोच्या पाठीवर थाप मारत विचारलं.

"निषादांच्या मध्ये काहीतरी वाजतंय."

"मध्ये? बेल्कीस हानम, मध्ये काही असतं तर मला दुप्पट तारा जुळवाव्या लागल्या असत्या, आणि ही कंबर केव्हाच गेली असती."

"मस्करी नको. बघ तरी."

"बघतो ना. तुमच्या वडिलांनी याला लाडात वाढवलाय. तुम्हाला वाढवलं तसंच. दोघंही जरासं काही झालं की कुरकुरता."

त्यानं पुढची फळी उतरवली. बॅटरी लावून एकेक तार पाहिली, तारांवर दाब धरणाऱ्या लोकरीच्या पट्ट्या चिमटीत धरून हलवून पाहिल्या. सगळं ठीक होतं. मग म्हणाला, "शेवट वाजवा. मी कान आत ठेवतो."

बेल्कीसनं शेवट वाजवला. ठोके पडले, पाय उठला. आर्तिन उस्ताचं डोकं पियानोच्या आत होतं, तिला फक्त त्याची पाठ दिसत होती. सूर उभा राहिला. ती पाठ हलली नाही. सूर विरला, तरीही पाठ हलली नाही. अंगावर मधमाशी बसल्यावर माणूस जसा निश्चल होतो, तसा तो होता.

मग त्यानं डोकं बाहेर काढलं आणि अगदी हलक्या हातानं फळी परत बसवली.

"वर कोण राहतं?"

"वर गच्ची आहे."

"खाली?"

"जज्जसाहेब. आत्ता बाहेर गेलेत."

त्यानं हत्यारं पिशवीत भरली आणि कोट घातला.

"चहा घे."

"नको."

आर्तिन उस्तानं या घरातला चहा कधी नाकारल्याचं तिला आठवत नव्हतं. दारात तो थांबला, टोपी हातात फिरवत राहिला.

"एक सांगतो, होजा. तो सूर बेसूर नाही. मी उभ्या जन्मात इतकं नेमकं जुळलेलं काही ऐकलं नाही. कशाशी जुळलंय, ते मला विचारू नका."

नेहमी तिला हानम, म्हणजे बाईसाहेब, म्हणणारा माणूस आज होजा म्हणाला होता. गुरूला म्हणतात तसं.

३

मग दोष पियानोचा नसेल तर कानाचा, असा तिनं हिशेब केला. वय झालं की कानात घंटा वाजतात. पण कानातली घंटा आर्तिन उस्ताच्या कानात कशी वाजेल? कदाचित त्यानं ऐकलंच नसेल, कदाचित त्याला बरं वाटत नसेल. एक सोपी तपासणी होती: दुसऱ्या पियानोवर, दुसऱ्या जागी वाजवून पाहायचं. दुपारी ती संगीतशाळेत गेली.

शाळेचा संचालक मुआम्मेर तिच्याच वर्गातला. दोघं एकाच बाकावर बसून शिकलेले. आता त्याला पोट सुटलं होतं आणि गळ्यात चष्म्याची साखळी आली होती.

"ये, ये. तुझ्याच बापाचं स्तोत्र लिहितोय," तो म्हणाला. "ऐक. 'शेवटच्या शब्दात मातेची आशा मृत्यूवर मात करते. वाटेच्या टोकाशी बसून राहिले मी. तो परतला.' कसं आहे?"

"दर वेळी हेच असतं."

"चांगलं असतं म्हणून असतं. सरकारी माणसं येणार आहेत, त्यांना आशा आवडते. फुकट मिळते ना."

'वाटेच्या टोकाशी बसून राहिले मी. दोन्दू.' गाण्याची ही शेवटची ओळ बेल्कीसनं कागदावर वाचलेली नव्हती, ती समोर बसून ऐकली होती. तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. वडिलांबरोबर जीपमधून त्या गावात गेली होती. खोली तिला अजून दिसायची. भिंतीला टेकून, उशांवर बसलेली पुरुषमंडळी. जीपच्या बॅटरीवर घरघरणारं ध्वनिमुद्रणाचं यंत्र. आणि दाराशी, जमिनीवर, जोड्यांच्या रांगेजवळ बसलेली ती बाई. तिच्या मांडीवर मुलाचा सदरा होता. तिकडे बायका मेलेल्याचं कापड मांडीवर घेतल्याशिवाय आक्रोश गात नाहीत. बाई गायली, गाऊन झाल्यावर उठली, आणि भाकरी करपेल म्हणून बाहेर गेली. मग वेहबींनी गावच्या मुखत्याराला, म्हणजे पाटलाला, विचारलं, "हे कुणाचं रचलेलं?" मुखत्यार म्हणाला, "कुणाचं असायचंय, बेय? सगळ्यांचंच."

वेहबी खूश झाले. त्या काळी गाणी गोळा करणाऱ्या मंडळींचा दंडक होता की ज्याला मालक आहे ते लोकगीत नव्हे. मालक निघाला की गाणं बाद. म्हणजे ज्यानं रचलं त्याचं नाव पुसलं जाईल, तेव्हाच ते गाणं लोकांचं होणार. हा न्याय कोणत्या शहाण्यानं काढला कोण जाणे, पण शिकल्यासवरल्या माणसांनी तो निमूटपणे पाळला आणि गावोगाव हिंडून 'अनामिक' असे शिक्के मारले. वेहबींनीही मारला. गाणारी समोर असताना तिचं नाव त्यांनी तिला विचारलं नाही. बाईमाणसाला, तिच्या घरच्या पुरुषांदेखत, नाव कसं विचारायचं? सभ्यपणा आडवा आला.

"सभागृह उघडं आहे का?" बेल्कीसनं विचारलं. "जरा हात चालवून पाहते."

सभागृहातला पियानो मोठा आणि नवा होता, त्याचं झाकण शिडासारखं वर उघडलेलं होतं. मुआम्मेर पहिल्या रांगेत खुर्चीवर रेलून बसला. तिनं शेवटचं पान वाजवलं. दोन सूर, मग कॉर्डांची सरबत्ती. पाय उठला.

रिकाम्या सभागृहात तो सूर इतका स्पष्ट होता की कुठून येतोय हे बोटानं दाखवता आलं असतं, आणि तरी तो पियानोतून येत नव्हता. पियानोच्या अलीकडून येत होता.

तिनं मुआम्मेरकडे पाहिलं. तो सरळ बसला होता, आणि खुर्चीचा हात त्यानं घट्ट धरला होता.

"ऐकलंस?"

"पाइप," तो म्हणाला. "गरम पाण्याचे. कंत्राटदार चोर आहे."

"मुआम्मेर, मार्च आहे. तुम्ही दुपारी पाइप बंद ठेवता."

"मग माझं पोट असेल," तो म्हणाला आणि उठला. जाताना त्यानं सभागृहातले सगळे दिवे लावले, बाहेर लख्ख ऊन असताना.

४

पुढचे दिवस तिनं रोजचा नेम मोडला नाही. मोडला असता तर तिला भीती वाटते असं तिला स्वतःशी कबूल करावं लागलं असतं.

सूर वाढत गेला. आधी एकच होता. मग तो आल्यावर जरासा थांबून खाली दुसरा आला. दोन सूर: वरचा त्या फटीतला, खालचा त्याच्या पायाशी. तिच्या लक्षात आलं की हे 'दोन्दू'चेच दोन सूर आहेत. तिनं ठोके देण्याआधी जे वाजवलं, तेच ठोके संपल्यावर कुणीतरी पुन्हा म्हणत होतं. वर्गात शिकवताना मुलानं चुकीचं वाजवलं की ती स्वतः काय करायची? मुलाला पुरतं वाजवू द्यायची, आणि तो थांबला की त्याच दोन पट्ट्या शांतपणे स्वतः वाजवून दाखवायची. ओरडायची नाही. नुसतं पुन्हा, बरोबर.

हे सुचलं आणि तिच्या हातावर काटा आला. भीतीचा तो काटा नव्हता, निदान सगळा नव्हता. लहानपणी वडील पहिल्यांदा मैफलीला घेऊन गेले, दिवे मंद झाले आणि वाद्यवृंदातल्या साठ माणसांनी एकाच वेळी श्वास घेतला, तेव्हा असा काटा आला होता.

पण चूक काय होती? सूर खोटा लागत होता, हे तर वडिलांनाही ठाऊक होतं. पियानोवर तो लागणारच नाही. मग कुणी रागावायचं कशाला? तिनं एका सकाळी ठोके गाळले. फक्त दोन सूर वाजवून हात उचलले. उत्तर लगेच आलं, पण यावेळी तिला दुसराच फरक ऐकू आला. वडिलांनी दुसरा सूर खाली टेकवून वाक्य संपवलं होतं. परतला. पूर्णविराम. उत्तरात दुसरा सूर टेकत नव्हता. शेवटी तो जरासा वर वळून उघडा राहत होता. हे विधान नव्हतं. अंगणाच्या पलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून आपण जसं काही सांगतो, तसं ते होतं.

ती मान खाली घालून ऐकत होती. ऐकता ऐकता तिची नजर पियानोच्या काळ्या, चकचकीत फळीवर गेली. तिथे तिचं स्वतःचं प्रतिबिंब होतं: राखाडी लोकरी झगा, हात मांडीवर. आणि त्याच्या बाजूला, खाली, काहीतरी पांढरं होतं. घडी घातलेलं. त्यावरून एक हात फिरत होता, सुरकुती काढावी तसा, कडेपासून कडेपर्यंत, सावकाश.

बेल्कीसनं बाजूला पाहिलं नाही. ती डोळे मिटून बसून राहिली, आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं की ती उठून पळत नव्हती. डोळे उघडले तेव्हा फळीवर पडद्याची पांढरी किनार दिसत होती. वाऱ्यानं हलत होती. खिडकी तिनं कागद लावून बंद केलेली होती, हे तिला चहा ओतताना आठवलं.

५

शनिवारी ती कोपऱ्यावरच्या बेकरीत रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारी होती, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात दोन जड पिशव्या. तिनं पाव घेतला, सुटे परत घेतले आणि निघाली. एक पिशवी फळीवरच राहिली.

"दोन्दू!" भट्टीवाल्यानं हाक मारली. "दोन्दू मावशी, पिशवी विसरलीस!"

म्हातारी वळली.

"डोकं विसरत नाही तेवढं नशीब," ती म्हणाली आणि परत आली.

"डोकं विसरलीस तरी मी राखून ठेवीन. नातवंडांना देईन."

"त्यांना पाव दे, लेकरा. डोकं त्यांना घरात नको झालंय."

रांगेतले लोक हसले. बेल्कीसला हसू आलं नाही. दोन्दू. भट्टीवाल्याचा दुसरा सूर टेकला नव्हता, वर उघडा राहिला होता.

हे नाव तिला माहीत नव्हतं असं नाही. अंकारात कुणाला माहीत नाही? मुलीवर मुली झाल्या की खेड्यात पुढच्या मुलीचं नाव ठेवतात: दोन्दू, आता नशीब परतलं, आता मुलगा होईल. इमारतीच्या रखवालदाराची बायको दोन्दू होती. शाळेत फरशी पुसणाऱ्या दोघींपैकी एक दोन्दू होती. तिच्या लहानपणी घरी कपडे धुवायला यायची तीही दोन्दूच. जन्मभर हाका मारल्या होत्या या नावानं. आणि तोच शब्द गाण्यात आला तेव्हा तो नाव असेल हे तिच्या मनात आलं नाही, तिच्या वडिलांच्या आलं नाही, पुस्तकं लिहिणाऱ्या एकाही विद्वानाच्या आलं नाही. कारण नाव फरशी पुसणारीचं असतं. गाण्यात क्रियापद असतं.

वाटेच्या टोकाशी बसून राहिले मी, दोन्दू.

तो परतला नव्हता. आईनं तसं कधी म्हटलंच नव्हतं. गाणं रचणारे लोक शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफतात. तिनं ते गुंफलं होतं, यंत्रासमोर, सगळ्या पुरुषांदेखत, स्पष्ट. आणि खोलीतल्या पुरुषांनी त्याचा आनंदाचा शेवट केला.

पाव न घेताच ती शाळेत गेली. मुआम्मेर पाटीवरचा पडदा लावून घेत होता. तिचं बोलणं त्यानं पुरतं ऐकून घेतलं, मग मजुरांना बाहेर पाठवलं.

"पुरावा?"

"ओळ आहे. ओळीत नाव आहे."

"ओळीत क्रियापद आहे. साठ वर्षं क्रियापद आहे. तू उद्या उठून सांगणार की तुझ्या बापाला तुर्की कळत नव्हतं?"

"त्यांना ती बाई दिसली नाही, एवढंच सांगणार."

"एवढंच? अगं, मग ते आशा, मातृत्व, मृत्यूवर मात, हे सगळं गेलं. शेवटच्या कॉर्ड गेल्या. त्याच वाजवून तो मोठा झाला, बेल्कीस. उरलं काय? एका बाईचं गाणं, तिला न विचारता घेतलेलं. आणि त्याच्यासाठी आम्ही संगमरवर कापला."

"संगमरवर कापताना मला ठाऊक नव्हतं."

"अजूनही ठाऊक नाही असं समज. उद्याचा दिवस. मग परवा तू हवा तेवढा मोठा लेख लिही, मी छापून आणतो. बाई तर मेली असणार. तिला काय फरक पडतो?"

बेल्कीसनं त्याच्याकडे बघितलं.

"त्या दिवशी तू पाइप म्हणालास."

मुआम्मेरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पाइपच होते," तो म्हणाला. पण आवाज बारीक होता. "हे बघ. तू तुझ्या बापाची एकुलती. तूच त्याला खाली उतरवलंस तर पुन्हा वर कोण चढवणार? कुणी नाही. हे कळतंय का तुला?"

कळत होतं. म्हणूनच ती घरी जाऊन संध्याकाळभर पियानोला शिवली नाही. खुर्चीवर बसून वडिलांच्या फोटोकडे पाहत राहिली. ते वाईट नव्हते. तापात रात्र रात्र तिच्या उशाशी बसलेले होते. नम्र होते, सभ्य होते. आणि एका बाईला तिचं नाव विचारायला त्या सभ्यपणानं त्यांना उठू दिलं नव्हतं. दोन्ही खरं होतं, आणि त्यातलं एकच उद्या सभागृहात मावणार होतं.

६

रविवारी दुपारी सभागृह भरलं. मुआम्मेरनं भाषण केलं. आशेचा परिच्छेद त्यानं गाळला नाही, पण तो वाचताना वर पाहिलं नाही. मग बेल्कीस आली, पियानोसमोरच्या लांब बाकावर बसली आणि तिनं सुरुवात केली.

तिनं ते त्या दिवसाइतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं. डावा हात घुमत होता, माळावर वारा घुमतो तसा. आरोळी उठली आणि घरंगळली. लंगडता नाच आला आणि गेला. वडिलांनी केलेलं सगळं सुंदर होतं. ते तसं नव्हतं असं म्हणणं खोटं झालं असतं. शेवटचं पान आलं. दोन सूर आले. ते तिनं वाजवले आणि दोन्ही हात कॉर्डांच्या वर उचलून धरले.

हात तिथेच राहिले. लोक वाट पाहत होते. तिथे काय येतं हे सगळ्यांना पाठ होतं.

"इथे माझ्या वडिलांनी लिहिलंय की तो परतला," ती म्हणाली. आवाज चढवायची गरज पडली नाही. "तो परतला नाही. दोन्दू हे तिचं नाव आहे. हे गाणं तिचं आहे. आम्ही तिला विचारलं नाही."

पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. मुआम्मेर तिच्या हाती द्यायची पडद्याची दोरी धरून उभा होता. त्यानं ती सोडून दिली. मागच्या बाजूनं एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, मेलेल्याचं नाव ऐकल्यावर म्हणतात तसा: "अल्ला तिच्यावर रहम करो."

बेल्कीसनं हात मांडीवर घेतले. पाय पेडलवर नव्हता. ती त्या दोन सुरांची वाट पाहत होती, रोजच्या दुरुस्तीची.

ते आले नाहीत.

त्याऐवजी आरोळी उठली. अख्खी, वरपासून, त्या फटीतल्या सुरावरून सुटलेली. पियानोच्या पट्ट्या हलत नव्हत्या. पहिल्या रांगेतल्या बाईनं तोंडावर हात ठेवला, दारातल्या शिपायानं टोपी काढली. म्हणजे ऐकू येत होतं, सगळ्यांना येत होतं. आणि हे कडवं बेल्कीसनं कधी ऐकलं नव्हतं. यंत्रावर ते नव्हतं, पुस्तकात नव्हतं, वडिलांच्या कागदावर नव्हतं. नावानंतरचं कडवं होतं ते. त्या दिवशी सगळ्यांना वाटलं गाणं संपलं, बाई उठून भाकरी बघायला गेली, आणि तिच्याजवळ हे उरलं होतं.

कुणी हललं नाही. सूर खाली घरंगळला, एका जागी थांबला, आणि त्या थांबण्यात पुढची ओळ घेण्याआधी छातीत भरून घेतलेला श्वास बेल्कीसला ऐकू आला. सभागृहाच्या कोपऱ्यातून नव्हे, तिच्या डाव्या खांद्याजवळून.

तिनं तिकडे पाहिलं नाही. ती उजवीकडे सरकली आणि बाकावर जागा केली.